ठाण्याच्या कापडबाजाराचा हिशेब: आधी पंचांग, मग कॉम्प्युटर

गोखले रोडवरचं एखादं साड्यांचं दुकान डोळ्यांसमोर आणा. त्याचे नोव्हेंबर २०२३ आणि नोव्हेंबर २०२४ चे गल्ले शेजारीशेजारी मांडले, तर बहुधा असं दिसेल की धंदा धाडकन बसला. कॉम्प्युटरवर आलेख काढला तर रेघ सरळ खाली जाईल, आणि एखादा उत्साही विश्लेषक त्यावरून ‘ग्राहक ऑनलाइनकडे वळला’ असं सांगूनही मोकळा होईल. खरं कारण कालनिर्णयात असतं. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. पहिल्या वर्षी दिवाळीच्या खरेदीचे शेवटचे, सगळ्यात गर्दीचे दिवस नोव्हेंबरात पडले. दुसऱ्या वर्षी ते ऑक्टोबरात उरकले. २०२५ मध्ये तर दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आली.

शहरातल्या कपड्यांच्या व्यवसायाचा डेटा सायन्सने अभ्यास करायचा म्हणजे काय, हे समजून घ्यायला यापेक्षा बरी सुरुवात नाही. डेटा सायन्स म्हटलं की लोकांना भलंमोठं मशीन आणि अवघड गणित आठवतं. गणित असतं, पण ते शिकता येतं. खरी मेख असते ती कशाची तुलना कशाशी करायची आणि वहीत जे लिहिलंच गेलेलं नाही त्याचा अंदाज कसा घ्यायचा, यात.

दिवाळीचं कोडं सोडवायला सोपी युक्ती आहे. तारखेऐवजी ‘लक्ष्मीपूजनाला किती दिवस बाकी’ हा आकडा धरायचा. २१ दिवस आधी किती विक्री, १४ दिवस आधी किती, आदल्या दिवशी किती. मग तिन्ही वर्षांचे आलेख एकमेकांवर नीट बसतात आणि त्यातून जो फरक उरेल तोच खरा फरक. हेच गुढीपाडव्याचं: २०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च. म्हणजे एका वर्षी पाडवा नव्या आर्थिक वर्षात आणि पुढचा जुन्यात. मार्चअखेरचा हिशेब करणाऱ्याची त्रेधा उडणारच.

अधिक महिना तर याहून बेरकी. लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून शालू-शेरवानीचा धंदा थंडावतो. पण जावयाला वाण द्यायचं असतं, त्यामुळे शर्टपीस, तयार कुर्ते आणि लेकीसाठी साडी यांची मागणी वाढते. अलीकडचे अधिक महिने बघा: २०२० मध्ये अधिक आश्विन, २०२३ मध्ये अधिक श्रावण, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. २०२० साली करोना, म्हणजे ते वर्ष तुलनेला बाद. २०२३ चा एकच धड नमुना हाताशी, आणि तोही ऐन पावसाळ्यातला. त्यावरून मे-जूनमध्ये, लगीनसराईच्या मधोमध येणाऱ्या अधिक ज्येष्ठाचं भाकीत मशीनने कसं करावं? इथे दुकानातल्या जुन्या सेल्समनला विचारावं, त्याने असे दहा तरी अधिक महिने काउंटरवर उभं राहून काढलेले असतात.

पंचांगाचा गुंता एका ताज्या उदाहरणात फार छान दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी १००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे मधल्या किमतीचा कपडा स्वस्त झाला, भारी कपडा महागला. प्रश्न साधा आहे: कर कमी झाल्यामुळे विक्री वाढली का? दुकानदार म्हणेल, वाढली की! २२ तारखेपासून उसंत नव्हती.

पण २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. पितृपक्षात नवे कपडे घेणं टाळणारी घरं ठाण्यात काही कमी नाहीत. त्यामुळे पंधरा दिवस अडून राहिलेली खरेदी, नवरात्राची खरेदी आणि कराची सवलत, तिन्ही एकाच सकाळी दुकानात शिरली. गर्दीतला कोण कशासाठी आला, हे नुसत्या गल्ल्यावरून सांगता येत नाही.

इथे अर्थशास्त्रातली एक पद्धत कामाला येते. तिला ‘फरकातला फरक’ म्हणू. १००० रुपयांखालच्या कुर्तीचा कर आधीही ५ टक्के होता, नंतरही ५ टक्केच. तिच्यावर नवरात्राचा परिणाम झाला, कराचा नाही. १००० ते २५०० मधल्या कुर्तीवर मात्र दोन्हींचा झाला. समजा, पितृपक्षाच्या आधीच्या साध्या आठवड्याच्या तुलनेत स्वस्त कुर्त्यांची विक्री १०० वरून १४० झाली आणि मधल्या किमतीच्या कुर्त्यांची १०० वरून १६५. सणाने जेवढी वाढ व्हायची ती स्वस्त कुर्ती सांगते: १.४ पट. मधल्या कुर्तीची १.६५ पट. १.६५ ला १.४ ने भागलं की साधारण १.१८ येतं. ही वरची १८ टक्के वाढ कराच्या खात्यावर टाकता येईल.

लगेच टाकू नये मात्र. सणाला माणूस एरवीपेक्षा जरा भारीच घेतो, कर असो वा नसो. म्हणून २०२४ च्या नवरात्रातही हाच भागाकार करून बघायचा. तेव्हा कर बदलला नव्हता. तरीही मधली कुर्ती स्वस्त कुर्तीच्या १.१ पट वेगाने वाढली असेल, तर तेवढा भाग सणाचाच. उरला तो कराचा. २५०० च्या वरच्या कपड्यांची विक्री उलट दिशेने हलली का, हेही तपासायचं. आणि किमतीच्या लेबलांकडे नजर टाकायची. २७०० चा ड्रेस अचानक २४९९ ला मिळू लागला असेल, तर कराची रेषा गिऱ्हाइकाआधी दुकानदाराने वाचली असं समजावं.

आता ज्या गोष्टीवर कपड्याच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा बुडतो, तिच्याकडे वळू. राम मारुती रोडवरच्या कुठल्याही दुकानात संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलात तरी हा संवाद कानावर पडेल:

“दादा, यात एल आहे का?”

“एल संपला ताई. एक्सेल दाखवू? थोडं फिटिंग करून देतो.”

“नको, राहू दे.”

ताई पुढच्या दुकानात गेल्या. या तीन वाक्यांची नोंद कुठेही झाली नाही. पावती फाटली नाही, बारकोड वाजला नाही. वर्षअखेरीला कॉम्प्युटर विक्री दाखवेल, मागणी दाखवणार नाही. आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर मात्र त्याच विक्रीवरून ठरेल.

आकड्यांत बघू. एका डिझाइनचे एल साइजचे १२ आणि एक्सेलचे १२ पीस आले. सीझन अठरा दिवसांचा. शेवटी वही सांगते: एल १२ विकले, एक्सेल ९ विकले. वाटतं, एल जरा बरा चालला. पण तारखा बघितल्या तर एलचे बाराही पीस पहिल्या सहा दिवसांत संपलेत, आणि त्याच सहा दिवसांत एक्सेलचे फक्त २ गेलेत. म्हणजे दोन्ही मापं समोर असताना एलची मागणी सहापट होती! उरलेल्या बारा दिवसांत एक्सेलचे ७ गेले, त्यातही काही एलचेच गिऱ्हाईक असणार, ज्यांनी ‘असू दे, धुतल्यावर आटेल’ म्हणून घेतला.

अशा अर्धवट दिसणाऱ्या आकड्यांना संख्याशास्त्रात ‘सेन्सॉर्ड’ डेटा म्हणतात. मागणी किमान इतकी होती एवढं कळतं, नक्की किती ते कळत नाही. हा प्रश्न कापडवाल्यांच्या कितीतरी आधी डॉक्टरांना पडला होता. औषधाच्या चाचणीत काही रुग्ण मध्येच येईनासे होतात, मग ते किती दिवस बरे राहिले हे कसं मोजायचं? १९५८ मध्ये कॅप्लान आणि मायर यांनी त्यावर काढलेली पद्धत आजही वापरली जाते. तिचं सूत्र असं: ज्या दिवशी जो नजरेसमोर होता, त्या दिवसापुरतंच त्याला मोजा. दुकानात याचा अर्थ, माल शेल्फवर होता तेवढेच दिवस हिशेबात धरा. त्यासाठी फार काही लागत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रोजचा शिल्लक साठा असतोच, तो बहुतेक जण उघडून बघत नाहीत इतकंच.

यावर दुकानदाराचं उत्तर तयार असतं, आणि ते रास्त आहे: “मला कळत नाही का एल जास्त जातो ते? होलसेलवाला सेटच देतो.” एम, एल, एक्सेल, डबल एक्सेल असा बांधलेला सेट घ्यावा लागतो, एल संपला की सेट तुटतो आणि डबल एक्सेल अंगावर पडतो. यावर डेटाने जादू होत नाही. पण पाच-सहा दुकानांनी मिळून आपापल्या मापांचे आकडे होलसेलवाल्यापुढे ठेवले, तर सेटमध्ये एलचे दोन पीस बांधून घेण्याची बोलणी तरी करता येतात.

मागणीचा अंदाज आला, तरी किती माल भरायचा हे लगेच ठरत नाही. सरासरीइतका भरावा असं वाटतं, आणि ते चूक आहे. एक कुर्ता ६०० ला पडतो, १००० ला जातो. कमी पडला तर पीसमागे ४०० चा नफा हुकला. उरला तर सेलमध्ये ४५० ला काढावा लागतो, म्हणजे १५० चं नुकसान. हुकण्याचा फटका मोठा, उरण्याचा लहान. ४०० ला ४०० अधिक १५०, म्हणजे ५५० ने भागा: ०.७३. याचा अर्थ, दहापैकी साधारण सात-आठ सीझनमध्ये पुरेल इतका माल भरावा. मागच्या दहा सीझनची मागणी चढत्या क्रमाने ३१, ३५, ३८, ४०, ४२, ४५, ४८, ५२, ५७, ६४ असेल, तर सरासरी ४५ येते, पण भरायचे रांगेतल्या आठव्या आकड्याइतके, ५२.

आता त्याच किमतीचा, पण रीलमुळे गाजलेला झगमगीत कुर्ता घ्या. सीझन संपला की त्याला कुत्रं विचारत नाही, १०० रुपयांना काढावा लागतो. नुकसान ५००. मग ४०० ला ९०० ने भागायचं, ०.४४. म्हणजे दहापैकी चार-पाच सीझन पुरेल इतकाच माल, भरायचे फक्त रांगेतल्या पाचव्या आकड्याइतके, ४२. सरासरी तीच, मागणी तीच, तरी ऑर्डर दहा पीसने उतरली. पांढरा साधा कुर्ता पुढच्या वर्षीही चालतो, म्हणून तो हात सैल सोडून भरावा. फॅशनचा माल हात आखडून. जुन्या व्यापाऱ्यांना हे आकड्यांशिवायही ठाऊक असतं. आकड्यांनी ‘किती आखडायचा’ ते कळतं.

एका दुकानाचा हिशेब इतका गुंतागुंतीचा, तर आख्ख्या शहराचा कसा असेल? पहिला प्रश्न हद्दीचा. नौपाड्यातली दुकानं, जांभळी नाक्याचा बाजार, मॉल, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये घरून चालणारी बुटिक्स हे सगळं ठाणे शहर. पण जीन्स उल्हासनगरला शिवली जाते, कापडाचे यंत्रमाग भिवंडीत, आणि ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी पार्सलची गोदामंही भिवंडीतच. लग्नाचा बस्ता बांधायला अर्धं ठाणं अजून दादर गाठतं. १९२५ मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या लोकरीच्या गिरणीतून रेमंडसारखा ब्रँड उभा राहिला; आज त्या जमिनीवर टॉवर आहेत. महापालिकेची हद्द आखून तेवढ्यातच मोजलं, तर शिवणारे हात आणि खर्च करणारे खिसे, दोन्ही कुंपणाबाहेर राहतात.

जिल्हा धरावा तर तिथे दुसरा खड्डा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कापडाचे कारखाने तोवर ठाणे जिल्ह्याच्या आकड्यांत होते. २०१२ ते २०१८ अशी सलग रेघ ओढली, तर ठाण्यातला कापडउद्योग एका रात्रीत ओसरल्यासारखा दिसेल. आणि माणशी किती, हे काढायला लोकसंख्या लागते. हाताशी २०११ ची जनगणना, ठाणे शहर १८.४ लाख. त्यानंतर घोडबंदर रोडला किती वस्ती वाढली, हे तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला कुणीही सांगेल. जनगणना नाही सांगणार.

सरकारी आकड्यांना दुसरी मर्यादा आकाराची. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत ढोबळमानाने विजेवर चालणारे दहा किंवा अधिक कामगारांचे कारखाने येतात. गल्लीतला टेलर, ब्लाउज शिवून देणाऱ्या काकू, फॉल-पिकोची मशीन टाकलेलं घर यांतलं काहीही त्यात नाही. असंघटित धंद्यांची वेगळी पाहणी होते, पण ती नमुना पाहणी. तिच्यावरून राज्याचं चित्र मिळतं, नौपाड्याचं नाही. २०२० पासून उद्यम पोर्टलवर छोटे उद्योग नोंदणी करतात, तिथे ज्याला कर्ज किंवा सवलत हवी तो जातो. काकूंना नको असते. त्यांचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर, हिशेब डायरीत. वर्षातून दोनदा सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावतात, दोन दिवसांत बराचसा माल जातो, आणि शहराच्या कुठल्याही आकडेवारीत तो उमटत नाही. म्हणून ठाण्याच्या फॅशन उद्योगावर कुणी एक ठाम आकडा सांगितला, तर पहिला प्रश्न विचारावा: यात ब्लाउज शिवणाऱ्या आहेत का?

फोटोंवरून फॅशन ओळखणारी मशीनं हल्ली फार गाजतात. नवशिक्यांना सराव म्हणून जो संच सर्रास दिला जातो, तो फॅशन-एमनिस्ट, २०१७ साली झालांडो या युरोपियन कंपनीच्या संशोधकांनी खुला केलेला. सत्तर हजार करडी चित्रं, प्रत्येक २८ बाय २८ ठिपक्यांचं, दहा प्रकार: टीशर्ट, पँट, पुलोव्हर, ड्रेस, कोट, सँडल, शर्ट, स्नीकर, बॅग, बूट. साडी नाही. यावर तयार झालेल्या मशीनला पैठणीचा फोटो दाखवला, तर ते तिला या दहांपैकी कुठल्यातरी खान्यात कोंबणारच, कारण ‘मला माहीत नाही’ हा अकरावा खाना त्याला दिलेलाच नाही.

साडीचे फोटो घालून शिकवलं तरी पाडव्याच्या शोभायात्रेत गडबड होईल. बुलेटवर बसलेल्या, फेटे बांधलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणींची नऊवारी हल्ली शिवलेली असते, पायात घालून वर ओढायची आणि हूक लावायचे. फोटोत ती साडी दिसते. दुकानात ती माप विचारून विकली जाते, म्हणजे तयार कपडा. कराच्या वर्गवारीतही न शिवलेली साडी कापडाच्या प्रकरणांत आणि मागावर विणलेल्या कापडाचे शिवलेले कपडे ६२व्या प्रकरणात. मग नऊवारीची मागणी वाढली की घटली? खान्यांची व्याख्या आधी ठरवली नाही, तर एकाच आलेखात ‘साड्या घटल्या’ आणि ‘तयार कपडे वाढले’ असं दिसेल, प्रत्यक्षात मुलींनी तोच पोशाख नेसायचा सोडून चढवायला घेतलेला असतो.

मापांबाबत एक काम मात्र मनापासून आवडलेलं. आपल्याकडे कपड्यांची मापं परदेशी तक्त्यांवर बेतलेली. म्हणून एका ब्रँडचा एल दुसऱ्याच्या एक्सेलएवढा. यावर निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला: सहा शहरांत पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची आणि त्यावरून भारतीय तक्ता बनवायचा. मापांचा असा ढीग जमला की सारख्या बांध्याच्या माणसांचे गट पाडणं हे मशीनचं अगदी आवडतं काम. निफ्टचं मुंबई केंद्र नवी मुंबईत, खारघरला आहे. आपल्याकडच्या दुकानदारांना हा विषय समजून घ्यायला लांब जायला नको.

डेटा जमवायच्या नादात काउंटरवर ‘मोबाइल नंबर सांगा’ हे सुरू होतं. नंबराशिवाय बिल बनत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना असा आग्रह धरू नका असं कळवलं आहे, आणि त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आला. शिवाय वर सांगितलेल्या एकाही हिशेबाला गिऱ्हाइकाचं नाव-नंबर लागत नाही. तारीख, वस्तू, माप, किंमत, शिल्लक. आणि एक साधी वही: काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं.

हे सगळं खरंच उपयोगी आहे का, हे तपासायचा मार्गही स्वस्त आहे. गणपती बसले की मॉडेलकडून, म्हणजे जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधणाऱ्या कॉम्प्युटरच्या हिशेबाकडून, दिवाळीचा अंदाज घ्यायचा: कुठल्या मापाचे, कुठल्या किमतीचे किती पीस. त्याच दिवशी शेठना त्यांचा अंदाज कागदावर लिहायला सांगायचा. तिसरा कागद ‘मागच्या वर्षीइतकाच’ म्हणणारा. तिन्ही पाकिटं बंद करून ठेवायची आणि भाऊबीज झाली की उघडायची. मॉडेल तिसऱ्या कागदालाही हरवू शकलं नाही, तर त्यावर आणखी पैसा घालू नये. शेठ जिंकले, तर त्यांनी काय बघून आकडे लिहिले ते बसून विचारावं. पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये तो रकाना घालता येतो.